एका बाणाचा माल

नंदुरबार
१४ मे १९४६

बन्सी,

तू पाठवलेली दुर्बिणीची नळी पोहोचली. तीन कप्प्यांची, चामड्याच्या म्यानातली. खुशाली शेवटी विचारते, आधी कामाचं.

आता माझ्याकडे दहा नग झाले. दोन डोळ्यांच्या दुर्बिणी चार, होकायंत्रं तीन, उतार मोजायचं ते पाण्याच्या बुडबुड्याचं एक, तू फाल्गुनात दिलेलं तोफेचा नेम धरायचं वाकड्या मानेचं एक, आणि ही नळी. तुझे दाजी गेल्यापासून त्यांचा पलंग रिकामाच होता. त्यावर गोधडी घातली आणि सगळे ओळीने निजवले. लोक हसतात. हसू देत. गौतमचंद शेठ तर ज्याला त्याला सांगतो, "दगूबाई धुळ्याच्या लिलावात मिरचीवर टाकायला ताडपत्री घ्यायला गेल्या अन् डोळे घेऊन आल्या." मी त्याला म्हटलं, शेठ, ताडपत्रीच्या ढिगात ती पेटी निघाली तेव्हा तुम्हीही तिथेच उभे होता. तुम्हाला रिकामं खोकं दिसलं, मला दुर्बीण दिसली. ज्याचं त्याचं नशीब.

पथारीवर वाळत घातलेली मिरची उचलून झाली. तोरणमाळकडची माणसं परत डोंगरावर चालली. त्यात रूपलीबाई आहे, माझ्याकडे चार हिवाळे मिरची निवडते. जाताना म्हणाली, मलेही देखू दे. दुर्बीण दिली, तर तिने धरली उलटी. मोठ्या भिंगातून पाहिलं. मी समोर उभी, तर तिला मुंगीएवढी दिसले. म्हणते, "दगूबाय, शेठ लोके आमले याच बाजूथाईन देखतस." मी तिला सुलटी करून दिली आणि गच्चीवर नेलं. सातपुड्याकडे तोंड करून अर्धा तास हलली नाही. मजुरी घ्यायची विसरली, मी हाक मारून दिली.

आता दोन गोष्टी.

एक. पितळेचे नग काळे पडले होते, ते मी चिंच आणि राखेने घासले. झकास निघाले. होकायंत्राच्या झाकणावर तोंड दिसतं.

दोन. मला इंग्रजी येत नाही, पण वहीत प्रत्येक नगावरच्या खुणा जशाच्या तशा उतरवते, रांगोळी काढावी तशा. त्यात मला एक दिसलं. धुळ्याच्या लिलावातल्या सगळ्या नगांवर दोन बाण आहेत, टोकाला टोक लावलेले, टक्कर घेणाऱ्या बोकडांसारखे. तू दिलेल्या दोन नगांवर एकच बाण आहे. दुसरा कुठे गेला? सांग.

आणि एक मागणं. शेठच्या दुकानात रद्दीच्या पेपरात चित्र पाहिलं. शिपाई खड्ड्यात बसलेला, आणि खड्ड्यातून वर दोन शिंगं निघालेली. ती दुर्बीणच असते म्हणे, डोकं वर न काढता पाहायची. ती मला पाहिजे. तू लष्कराच्या वर्कशॉपात भिंगांच्या खात्यात आहेस, तुझ्यासमोरून रोज जात असेल. लिलावात आली की सोडू नकोस. मिरची, तूर, जे लागेल ते कळव.

तुझी पाठ बरी आहे का?

दगूबाई


देवळाली
२२ मे १९४६

दगूआक्का,

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. चिंच! राख! आक्का, ते पितळ काळं पडलेलं नव्हतं, त्यावर मुद्दाम काळा मुलामा दिलेला असतो, उन्हात चमकून शत्रूला दिसू नये म्हणून. तू लढाईतली वस्तू लग्नातली करून टाकलीस. झालं ते झालं. यापुढे पितळेला फक्त कोरडं फडकं. भिंगाला तेही नाही. आधी फुंकर, मग धुतलेलं मऊ मलमल, मधून बाहेर गोल गोल, आणि हात हलका. पावसाळ्यात भिंगावर आतून बुरशी चढते, म्हणून उघडीप पडली की चामड्याच्या म्यानातून काढून सावलीत वाऱ्याला ठेव.

बाणांचं विचारलंस. एक बाण म्हणजे माल सरकारचा. सरकारने तो विकला की समोरून दुसरा बाण ठोकतात, म्हणजे हक्क सोडला. ठोकणारा माणूस आळशी असतो, कधी एखादा नग राहून जातो. त्याचं मनावर घेऊ नकोस. वहीत एवढं बारीक उतरवायचीही गरज नाही.

इथलं काय सांगू. आमच्या खात्यात आता दुरुस्ती थोडी आणि फोडाफोडी जास्त. लढाई संपली, तेव्हा जादा झालेला माल फोडून टाकायचा हुकूम आहे. थोडा लिलावात जातो, बाकीचा हातोड्याखाली. पाच वर्षं ज्या भिंगांना मी केसाएवढं वाकडं बसू दिलं नाही, ती रोज सकाळी टोपलीत भरून आवारात न्यायची. त्यातली बरीच चांगली असतात. चांगली म्हणजे अगदी चांगली.

दोन शिंगांची दुर्बीण बघतो. शब्द देत नाही.

पाठ तशीच आहे.

तुझा
बन्सीलाल


नंदुरबार
१९ ऑगस्ट १९४६

बन्सी,

आली! भिला काल घेऊन आला. तुमच्या तोफखान्यातल्या नोकरीतून सुटून अक्कलकुव्याला घरी चालला होता, वाटेत उतरला. वळकटीत गुंडाळून आणली होती. मी विचारलं, रेल्वेच्या पार्सलने का नाही पाठवली? तो म्हणतो, "मले काय ठाऊक, बन्सीभाऊनी सांगं, हातात दे." रेल्वेवर तुझा विश्वास नाही हे बरं केलंस, आपटली असती.

आज सकाळी पावसाने उसंत दिली. लगेच गच्चीवर तिवई लावली, शिंगं उभी केली. मी कठड्याच्या आड खाली बसले, डोकं दिसत नाही, आणि मला सगळं गाव दिसतंय! गौतमचंद शेठ त्याच्या गच्चीवर कापड मोजायच्या गजाने पाठ खाजवत होता. मी इथून ओरडले, "शेठ, जरा डावीकडे!" तो दचकून चौफेर बघतोय. माणूस कुठे दिसत नाही. गज टाकून खाली पळाला. मी इतकी हसले की तिवई हलली.

तू मागे विचारलं होतंस, आक्का, या वस्तूंचं एवढं वेड कशाला. तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. मी चौथीतून शाळा सोडली ते घरच्यांनी सोडवली असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. मला फळ्यावरचं दिसत नव्हतं. मास्तर विचारायचे, काय लिहिलंय? मी म्हणायचे, पांढरं. मास्तर छडी घ्यायचे. मला वाटायचं सगळ्यांनाच पांढरं दिसतं आणि बाकीची पोरं अंदाजाने सांगतात. मग मीच जायचं बंद केलं. धुळ्याला त्या पेटीतली दुर्बीण डोळ्याला लावली आणि मधलं चाक फिरवलं, तर समोरच्या लिंबाला पानं दिसली. एकेक सुटं पान. पंचेचाळीस वर्षं मी झाड म्हणजे हिरवा गोळा समजत होते. चष्मा कर म्हणशील, तर तोही केला. चष्म्याने शेजारच्या ओट्यावरचा माणूस ओळखू येतो. सातपुडा नाही येत.

म्हणून वेड. आता पुन्हा विचारू नकोस.

हिच्यावरही एकच बाण आहे. तुमचा तो ठोकणारा फारच आळशी दिसतो. कामावरून काढा त्याला.

यंदा खंडेनवमीला मी सगळे नग ओट्यावर मांडून पूजणार. लोहार ऐरण पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. ही तर लढाईतून आलेली शस्त्रं आहेत, ती पलंगावर पडून राहिली तर बरं दिसत नाही. तू रजा काढून ये. पुरणपोळी करते.

दगूबाई


देवळाली
१२ सप्टेंबर १९४६

दगूआक्का,

पुरणपोळीचं ऐकून पाणी सुटलं, पण रजा मिळत नाही.

एक ऐक. पूजा करायची तर घरात कर. ओट्यावर मांडू नकोस. आश्विनातलं ऊन कडक असतं. दोन भिंगं एकमेकांना जोडायला आत एक डिंकासारखं चिकट असतं, ते उन्हाने तापलं की पिवळं पडतं आणि भिंग सुटतं. शिवाय रस्त्याची धूळ. हळदकुंकू तर भिंगाच्या आसपास नकोच. दार लावून, चार फुलं वाहून, परत पलंगावर ठेव. माझं एवढं ऐकशील ना?

बन्सीलाल


नंदुरबार
७ ऑक्टोबर १९४६

बन्सी,

तुझं सगळं ऐकलं. ऊन लागू नये म्हणून ओट्यावर लिलावातल्याच ताडपत्रीचा मांडव घातला, दुहेरी. धूळ उडू नये म्हणून पहाटेच रस्त्यावर चार घागरी पाणी मारलं. कुंकू भिंगाला न लावता तिवईच्या पायांना लावलं. झेंडूच्या माळा. आता काही चूक काढ!

अर्धं नंदुरबार आलं होतं. मधोमध दोन शिंगांची उभी, दोन्ही शिंगांना माळा, पोळ्याच्या बैलासारखी. बायका नमस्कार करत होत्या. कुणी सुटे पैसेही टाकले, ते मी उचलून परत दिले. गौतमचंद शेठने पण पाहिलं. पाहून झाल्यावर म्हणतो, "यातून तुम्ही माझी पाठ पाहिली होय?" मी म्हटलं, होय, आणि घामोळं आलंय, संगजिरं लावा.

आता पुढचं. काल रविवारी फौजदारसाहेब आले, दोन शिपाई घेऊन. कुणा शहाण्याने निनावी अर्ज टाकला की दगूबाईने घरात शस्त्रं ठेवलीत आणि भर रस्त्यात पुजली.

फौजदार म्हणतात, "बाई, तुमच्याकडे शस्त्रं आहेत?"

मी म्हटलं, "आहेत की. विळा आहे, कोयता आहे, आणि बोलायला तोंड आहे."

"परवाना आहे?"

"तोंडाचा?"

शिपाई हसले. फौजदारांनी मिशीत दाबलं. आत नेऊन पलंग दाखवला. त्यांनाही बघू दिलं. खिडकीतून स्टेशनचं घड्याळ वाचलं त्यांनी. खूश झाले. म्हणाले, "ही काही शस्त्रं नव्हेत. पण माल लष्करी आहे. कुठून आला, किती आला, याची यादी मला करावीच लागेल." म्हटलं, करा. आणि त्यांची मेहनत वाचावी म्हणून माझी वहीच दिली. सगळ्या खुणा, सगळे आकडे, बाण, जसेच्या तसे. ते म्हणाले, "बाई, असा पंचनामा आमच्या कारकुनालाही जमत नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आठ नग धुळ्याचे, तीन देवळालीचे, हेही सांगितलं. दोन आठवड्यांत यादी देवळालीला तुमच्या वर्कशॉपात जाईल, आकडे जुळवायला. म्हणजे तुझ्याच खात्यात येईल. आली की लगेच सही करून पाठव, ठेवून देऊ नकोस. फौजदार चांगला माणूस आहे, त्याला खोळंबवायचं नाही.

डबा पाठवते आहे. पोळ्या चार दिवस टिकतात.

दगूबाई


देवळाली
१० ऑक्टोबर १९४६

आक्का,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

ठोकणारा आळशी नव्हता. ते तीन नग विकलेच गेले नव्हते. ते फोडायच्या टोपलीतले आहेत. मी रजिस्टरात 'फोडले' असं लिहिलं आणि बाहेर काढले. पहिलं ते वाकड्या मानेचं. त्या दिवशी हातोडा उचलला आणि खाली येईना. त्यातला लोलक मी स्वतः चार वेळा काढून बसवलेला. त्याच्या जागी दुसऱ्या कशाचे तरी तुकडे दाखवले आणि ते डब्यात घालून आणलं. कुणी पाहिलं नाही. मग तुझी पत्रं यायला लागली. तुला इतकी कदर होती की मला वाटलं, सरकारला नको आहे, आक्काला पाहिजे आहे, यात चोरी कसली. पण आहे चोरी. गेल्याच महिन्यात भांडाराच्या एकाला नुसत्या तंबूच्या दोऱ्यांसाठी सहा महिने झाले. माझ्यावर तर खोट्या नोंदीही आहेत, माझ्या सहीच्या. यादी आली की मी संपलो. तुरुंग होईल आणि पुन्हा कुणी माझ्या हातात भिंग देणार नाही.

एकच वाट आहे. तिन्ही नग विहिरीत टाक. फौजदाराला सांग की ते देवळालीचे हे तू चुकून बोललीस, अक्कलकुव्याच्या बाजारात एका फिरत्या माणसाकडून घेतले होते, आणि आता चोरीला गेले. वहीत चुकून लिहिलं म्हण. तू शिकलेली नाहीस, तुझी चूक कुणी धरणार नाही.

तुझ्या पाया पडतो.

बन्सी


नंदुरबार
१४ ऑक्टोबर १९४६

बन्सी,

काय करी ठेवं रे तू हाई! तुले अक्कल शे का नही?

पत्र चुलीत टाकलं नाही. माझ्याकडे आलेला कागद मी जाळत नाही.

विहिरीत काही टाकणार नाही. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो. फिरत्या माणसाचं नाव घेणार नाही. फौजदार अक्कलकुव्याला जाईल आणि पहिल्या दिसेल त्या डोंगरातल्या माणसाला धरून चोपेल, तुला माहीत आहे. तुझी चामडी वाचवायला रूपलीबाईचा भाऊ नाहीतर नवरा मार खाणार? आणि 'तू शिकलेली नाहीस, चूक कुणी धरणार नाही' हे तू मला लिहितोस? माझ्या वहीत एक रेघ चुकलेली नाही. ती चुकली असं मी माझ्या तोंडाने सांगू? तुझ्यासाठी मी उपाशी राहीन, पण हे नाही सांगणार.

रागात लिहिते आहे, अक्षर बिघडलं, वाच तसंच.

मला तुझा राग चोरीचा कमी आणि खोटेपणाचा जास्त आहे. मी दोनदा लिहिलं, बाण एकच का. दोनदा विचारणारी बाई मूर्ख नसते. सांगितलं असतंस तर त्याच गाडीने परत पाठवले असते. ऊन लागतं म्हणे! मी दुहेरी मांडव घातला!

आता ऐक. यादी निघायला अजून आठवडा आहे, काल चौकीवर जाऊन विचारून आले. कागद तिथे पोहोचायच्या आत आपण पोहोचायचं. पकडून आणलेला माणूस वेगळा आणि पायाने चालत आलेला वेगळा, हे साहेबालाही कळत असेल, गोरा असला तरी. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. मी तिन्ही नग घेऊन गुरुवारी देवळालीला उतरते. स्टेशनवर ये. पळून गेलास तर एकटी फाटकापर्यंत जाईन आणि तुझं नाव घेऊन हाका मारीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

दोन शिंगांची काल शेवटची गच्चीवर लावली. आकाश निवळलं आहे. डोंगराच्या उतारावर कुणीतरी नवं छप्पर घातलं आहे, गवताचं, अजून पिवळं. एवढं दिसलं. मग पुसून गोधडीत बांधली.

स्वच्छ कपडे घाल. दाढी कर.

दगूबाई


देवळाली
२ नोव्हेंबर १९४६

दगूआक्का,

तू गेल्यापासून पंधरा दिवस लिहायला बसतो आणि उठतो. आज उठायचं नाही असं ठरवलं.

निकाल लागला. खटला नाही. मेजरसाहेबांनी हेड क्लार्ककरवी मला वाचून दाखवलं, स्वतः होऊन कबूल केलं आणि माल धडधाकट परत आला, म्हणून पोलिसांकडे देत नाहीत. नोकरीवरून कमी केलं. दाखला मिळाला आहे, त्यात काम येतं असं लिहिलं आहे, भरवशाचा आहे असं लिहिलेलं नाही. ती ओळ नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. तुझ्या फौजदारांना उत्तर गेलं की आठ नग बाईंचे, तीन परत घेऊन नष्ट केले.

कामगारांच्या लाइनीत सगळे अजून तुझंच बोलतात. फाटकावरचा हवालदार आत सोडेना, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "न्यायला नाही आले, द्यायला आलेय. द्यायलाही परवानगी लागते का रे?" तो आता पाळीवर आला की हेच म्हणून दाखवतो.

पण मला दुसरंच दिसत राहतं. तू साहेबाच्या टेबलावर गोधडी सोडलीस, तिन्ही नग उभे केलेस आणि त्याला म्हणालीस, आधी बघ, मग बोल. त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, सुटले नग. मग तो म्हणाला, हुकूम हुकूम आहे, आणि हातोडा माझ्याच हातात दिला. तुझ्यासमोर. आक्का, तू आवारात उभी होतीस, मान फिरवली नाहीस, एक शब्द बोलली नाहीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं. दोन शिंगांचीला मी तीन घाव घातले. परतीच्या गाडीपर्यंतही तू बोलली नाहीस. खिडकीतून फक्त रिकामी गोधडी घडी करताना दिसलीस.

मी मुंबईला चाललो आहे. गिरणीत एक ओळखीचा आहे, तो बदली कामगारात लावून देतो म्हणतो. भिंगाचं काम आता मला कोण देणार, आणि मी तरी कुठल्या तोंडाने मागणार. माझी हत्यारं, बारीक पेचकस, लोलक धरायचा चिमटा, सगळं विकून टाकतो आहे.

तुझं मी फार नुकसान केलं. माफी मागत नाही, तुला आवडणार नाही.

बन्सीलाल


नंदुरबार
६ नोव्हेंबर १९४६

बन्सी,

हत्यारं विकू नकोस. विकली असलीस तर परत आण. घेणाऱ्याला सांग बहीण ओरडते.

मी बोलले नाही, कारण बघत होते. तुला वाटलं मी दुर्बिणीकडे बघते आहे. मी तुझ्या हातांकडे बघत होते, या डोळ्यांनी दहा हातांवरचं धड दिसत नाही म्हणून चार पावलं पुढे सरकले, हवालदार मागे ओढत होता तरी. साहेबाने हातोडा दिला. तू तो खाली ठेवलास. खिशातून मलमलचा तुकडा काढलास, भिंगावर फुंकर घातलीस, आणि मधून बाहेर गोल गोल पुसलंस. दोन्ही बाजूंची. मग हातोडा उचललास. तुला आठवत नसेल. साहेबाने पाहिलं, तोंड फिरवलं त्याने. मी गाडीत बसले ते हेच डोक्यात घेऊन. बोलले असते तर रडले असते, आणि मला गाडीत रडायचं नव्हतं, डब्यात सगळी अनोळखी माणसं.

फोडायच्या वस्तूलाही जो पुसून घेतो त्याच्या हाती मी माझे आठ नग देते. मला दाखला नको, मी पाहिलंय.

ते आठ नग आजारी आहेत. दोन डोळ्यांच्या दुर्बिणींपैकी एकीत एक माणूस दोन दिसतो. दुसरीत पावसाळ्यात बुरशी चढली, तू सांगितलं तसं सगळं करूनही. चिंचेने घासलेल्या होकायंत्राला तो काळा मुलामा परत द्यायचा आहे. हे झालं की पुढचं मी विचारून ठेवलं आहे. जमीन मोजणीवाल्यांची दुर्बीण सहा महिने धुळ्याला दुरुस्तीला पडली आहे, ते वैतागलेत. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं किडे बघायचं यंत्र आहे. तंबूत सिनेमा दाखवणारा आहे, त्याचं चित्र एका कोपऱ्यात पुसट पडतं. सोनारांची भिंगं तर विचारू नकोस, ओरखड्यांनी आंधळी झालीत. गौतमचंद शेठने दुकानाशेजारची खोली द्यायचं कबूल केलं, एका अटीवर, त्याच्या गच्चीकडे खिडकी नको. मी म्हटलं, बघू.

तू खोटं बोललास हे मी विसरले नाही. दर दिवाळीला आठवण करून देईन. लोक विचारतील, नोकरी का सुटली. खरं ते सांगायचं, पहिल्याच दिवशी, मोठ्याने. एकदा सांगितलं की पुन्हा कुणी विचारत नाही. न सांगितलं तर जन्मभर विचारतात.

एक काम गिऱ्हाइकांच्या आधी करायचं. इथल्या शाळेत जायचं. मास्तरांना मी भेटून आले. वर्गात मागच्या भिंतीशी पोरींना उभं करून फळ्यावरचं वाचायला लावायचं. जी म्हणेल पांढरं दिसतं, तिला तू भिंग लावून बघायचं, कुठल्या नंबराने पांढऱ्याचं अक्षर होतं ते. मास्तर म्हणाले, याने काय होणार. मी त्यांना फौजदारांकडून परत आलेली माझी वही दाखवली, म्हटलं, फळा न दिसलेली पोर हे लिहिते.

मिरची या महिन्याअखेर पथारीवर पडेल. एकदा पडली की ठसका सगळ्या गावभर, तेव्हा भिंग उघडून बसता येणार नाही. म्हणून त्याच्या आत ये. शनिवारच्या गाडीने. स्टेशनवर कुणी येणार नाही, मला कामं आहेत. घर तुला माहीत आहे.

दगूबाई